आधी सांगितलेलं बरं

बुकिंग पक्कं झालं की मी पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पाठवते. गाडी वर रस्त्यालाच लावावी लागते. तिथून घरापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी उतरून यावं लागतं, सामान घ्यायला माणूस मिळेल, पण गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी फोनवर बोलू. खोलीत एसी नाही, पंखा आणि मच्छरदाणी आहे. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे, कमोड आहे. मोबाइलला रेंज अंगणात येते, माजघरात येत नाही. सकाळी वानरं कौलांवर उड्या मारतात. समुद्र घरातून दिसत नाही, आगरातून चालत दहा मिनिटं लागतात. गाडीत पेट्रोल आणि खिशात थोडी रोकड चिपळूण सोडण्याआधी भरून घ्या.

हा मजकूर वाचून काही जण बुकिंग रद्द करतात. मी त्यांचे सगळे पैसे परत करते आणि मनापासून शुभेच्छा देते. ज्यांना बाल्कनीतून समुद्र हवा आहे त्यांच्यासाठी किनाऱ्यावर चांगली रिसॉर्टं आहेत. आमचं घर हेदवीतलं, जुनं, तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेलं. गुहागर तालुक्यात आता अशी घरं पुष्कळ झाली आहेत आणि नव्याने सुरू करू पाहणारे, विशेषतः गावातल्या लेकी-सुना, माझ्याकडे विचारायला येतात. त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की या धंद्यातली बहुतेक भांडणं आपण काय दिलं नाही यावरून होत नाहीत. पाहुणा मनात एक घर घेऊन निघालेला असतो आणि पाखाडी उतरल्यावर दारात दुसरंच उभं असतं, तिथे भांडण होतं. म्हणून आपलं अर्धं काम पाहुणा घरून निघण्याआधी व्हायला हवं.

फोटोंचंही तेच. सूर्यास्ताचा फोटो सगळ्या कोकणाचा एकच असतो, त्यावरून कुणाला काही कळत नाही. पाखाडीचा फोटो टाका, गाडी लावायच्या जागेचा टाका, संडासाचा तर टाकाच. घरातल्या वयस्कर माणसांना न्यायचं की नाही हे कुटुंबं त्या एका फोटोवरून ठरवतात. खोली मोठी दिसावी म्हणून खास भिंगातून फोटो काढून देणारे मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. माणसाच्या उंचीवरून, भरदिवसा, खिडकी उघडून साध्या फोनने काढलेला फोटो पुरतो.

पैशांच्या व्यवहारात सावध राहायला लागतं. नवीन घर इंटरनेटवर दिसायला लागलं की पहिल्या काही फोनांत एक फोन हमखास असा येतो: ‘मी सैन्यातला अधिकारी बोलतोय, आमच्या दहा-बारा लोकांसाठी खोल्या हव्यात, पूर्ण पैसे आगाऊ देतो.’ दराबद्दल घासाघीस करत नाही. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग म्हणतो, आमच्याकडे पैसे पाठवायची पद्धत वेगळी आहे, मी पाठवतो तो क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. इथे फोन ठेवून द्यायचा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला, सासूबाईंपासून शाळेतल्या मुलापर्यंत, हे पाठ करायला लावा. आणि तरीही कुणी फसलं तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त.

फसवणूक उलट्या बाजूनेही होते. आपल्या घराचे फोटो उचलून भलताच माणूस त्यावर स्वतःचा फोन नंबर टाकतो आणि पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम घेतो. बिचारे मुलाबाळांसह रात्री दारात येऊन उभे राहतात आणि आपल्या वहीत त्यांचं नाव नसतं. गुगलच्या नकाशावर आपल्या घराची नोंद आपल्या स्वतःच्या खात्यावर घेऊन ठेवा आणि महिन्यातून एकदा तिथला फोन नंबर आपलाच आहे ना, हे बघा.

दर किती ठेवावा, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. शेजारच्याचा दर बघून आपला ठरवण्यात अर्थ नाही. वर्षाचा खर्च मांडा: वीज, गॅस, धुणं, मदतीला येणाऱ्या बायकांचा पगार, रंगरंगोटी, पंपाची दुरुस्ती, बुकिंग करून देणाऱ्या ॲपचं कमिशन. मग वर्षात खोली खरोखर किती रात्री भरेल हे हात आखडून धरा. कोकणात ऑक्टोबर ते मे एवढाच मोसम आणि त्यातही शुक्रवार-शनिवार-रविवार; दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना सोडला तर मधले वार रिकामे जातात. तीनशे पासष्टने भागून दर काढणारे दुसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लावतात. खोलीचे पैसे आणि जेवणाचे पैसे वेगळे सांगावेत म्हणजे घोळ राहत नाही. जीएसटीची भीती अनेकींना वाटते. सेवेच्या व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा स्वतःची नोंदणी लागत नाही, आणि ॲपवरून आलेल्या बुकिंगवरचा कर अशा वेळी ॲपवालेच भरतात. तरी गावात हिशेब बघणारा कुणी जाणता माणूस असतो, त्याला वर्षातून एकदा वही दाखवावी.

आता खोली. खोली तयार झाली की पहिली रात्र आपण तिथे झोपायचं. आपल्या घरात आपल्याला सगळं अंधारातही सापडतं, म्हणून पाहुण्याला काय सापडत नाही ते कळत नाही. दिवा बंद करायला अंथरुणातून उठावं लागतं का? फोन उशाशी ठेवून चार्ज होतो का? रात्री संडासाला जाताना उंबऱ्याला ठेच लागते का? न्हाणीघरात कपडे टांगायला खुंट्या किती आहेत? खुंट्या कायम कमी पडतात. दोन माणसांचे कोरडे कपडे, ओले कपडे आणि पंचे यांना मिळून सहा तरी हव्यात, आणि त्या पाणी उडणार नाही अशा भिंतीला.

समुद्रावरून येणारा पाहुणा वाळू घेऊन येतो. ती बाथरूममध्ये गेली की मोरी तुंबलीच. आम्ही अंगणात शिरतानाच एक नळ बसवला आहे, खाली चिऱ्यांचा उघडा चौथरा, पाणी थेट माडांच्या आळ्यात जातं. शेजारी ओले कपडे वाळत घालायला लांब दोरी आणि भरपूर चिमटे. ही दोरी नसली की ओले टॉवेल पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या गजांवर जातात आणि गादी ओली होते. संडासाच्या टाकीबद्दलही स्पष्ट लिहून लावा: डायपर, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स आत टाकू नयेत. त्याबरोबर झाकणाचा डबा आणि गुंडाळायला कागदाच्या पिशव्या तिथेच ठेवा. डबा न ठेवता नुसती सूचना लावली तर दोष आपला.

चादरी पांढऱ्याच घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. रंगीत चादर मळ लपवते आणि पाहुण्यालाही ते माहीत असतं. पांढरी स्वच्छ चादर बघितली की माणूस निर्धास्त बसतो. प्रत्येक पलंगाला तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात घर चालू ठेवायचं असेल तर चौथाही लागतो, कारण जुलैत इथे धुतलेलं काही वाळत नाही. पडवीत दोरीवर दोन दिवस लोंबलेल्या चादरीला जो कुबट वास येतो तो कितीही अत्तर शिंपडलं तरी जात नाही. आम्ही धुणं न्हाणीघराच्या चुलीवरच्या माळ्याखाली, उबेत वाळवतो, मग इस्त्री फिरवतो. इस्त्रीच्या वाफेबरोबर उरलेला दमटपणा निघतो. कापसाच्या गाद्या ऊन दिसेल त्या दिवशी बाहेर काढायच्या. कपाटात कापूर ठेवायचा.

वासाबद्दल अजून एक. घरातल्या माणसाच्या नाकाला आपल्या घराचा वास कळत नाही. खोली दिवसभर बंद ठेवा, संध्याकाळी शेजारणीला बोलवा आणि तिला दार उघडायला सांगा. ती पहिल्या श्वासाला जे म्हणेल ते खरं. माझी शेजारीण फार स्पष्ट बोलते, तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पाण्याचा विषय मी जरा जोर देऊन सांगते. शहरातल्या माणसाला वाटतं, कोकणात एवढा पाऊस, तिथे पाण्याची काय कमी? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं, पण आमची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र दगड, पाणी त्यातून झिरपून उताराने समुद्राला मिळतं. एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि नेमका तेव्हाच, मे महिन्यात, पाहुण्यांचा सगळ्यात मोठा ओघ असतो. घरात पलंग किती आहेत यावर मे महिन्याची बुकिंगं ठरवू नका. रोज संध्याकाळी विहिरीत डोकावा, पंप किती वेळ चालल्यावर पाणी तुटतं ते बघा आणि मग किती माणसं घ्यायची ते ठरवा. त्या महिन्यात आम्ही एक खोली बंद ठेवतो. शॉवर काढून बादल्या ठेवतो आणि तेही आधीच्या मजकुरात लिहितो. शेजारच्या आळीत बायका हंड्याने पाणी भरत असताना आपल्याकडे पाहुणे तासभर शॉवरखाली उभे असणं हे मला बघवत नाही, आणि गावालाही ते खपत नाही. गावाशी बिघडलं की होमस्टे चालत नाही.

जेवणाचं सोपं आहे, फक्त यादी छोटी ठेवावी. सकाळी घावणे-चटणी किंवा पोहे, दुपारी तांदळाची भाकरी, एक फळभाजी, कुळथाचं पिठलं किंवा आमटी, भात, सोलकढी. फणस, केळफूल, अळू ज्या दिवसांत जे मिळेल ते. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचे. माशांबद्दल कधीही आधी शब्द देऊ नये. काय मिळणार ते सकाळी होड्या आल्यावर कळतं, आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जैन जेवण, मधुमेह, शेंगदाण्याची ॲलर्जी, लहान मुलाला तिखट चालत नाही, हे सगळं बुकिंगच्या वेळीच विचारून वहीत लिहून ठेवायचं. आणि एक साधी युक्ती: पाहुण्यांना सांगून ठेवायचं की चिपळूण सोडलं की फोन करा. तिथून आमच्याकडे यायला सव्वा-दीड तास लागतो. तो फोन आला की मी डाळ-तांदूळ धुवायला घेते आणि माणसं हातपाय धुऊन पानावर बसतात तेव्हा भाताची वाफ गेलेली नसते. कुंभार्ली घाट उतरून, वळणांनी हैराण होऊन आलेल्या माणसाला गरम मऊ भात, मेतकूट, तूप एवढं दिलं तरी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते दुसऱ्या दिवशीच्या साग्रसंगीत जेवणानेही येत नाही.

गाडी भाड्याची असेल तर बरोबर ड्रायव्हर असतो. त्याचा विचार पुष्कळ घरांत होतच नाही. बुकिंग करणारे ‘आम्ही सहा जण’ म्हणतात, सातवा मोजत नाहीत. तो बिचारा डासांत, गाडीच्या काचा खाली करून, सीट मागे टाकून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात सहा जणांचे जीव देऊन ती मंडळी घाट चढतात. मी बुकिंगच्या वेळी स्वतःहून विचारते: ड्रायव्हर आहे का? आमच्या ओटीला लागून एक छोटी खोली आहे, तिथे पलंग, पंखा, मच्छरदाणी, बाहेर संडास. त्याचे पैसे मी घेत नाही. जेवण तेच जे बाकीच्यांना, आणि त्याच वेळेला. नव्याने घर बांधत असाल तर नकाशातच ही खोली काढा. यात धंद्याचं गणितही आहेच, कारण पुढच्या वेळी गाडी कुठे थांबवायची हे पुष्कळदा ड्रायव्हरच सुचवतो. पण ते नसतं तरी मी ही खोली ठेवली असती.

समुद्राची माहिती यजमानाला असायलाच हवी. भरतीची वेळ काढायची आमच्याकडची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अर्धा-एक तास इकडे-तिकडे होतो, पण पाहुण्यांचा दिवस आखायला पुरतं. हेदवीत दशभुज गणपतीला चतुर्थीला गर्दी असते. त्या दिवशी मी सांगते, सकाळी देवदर्शन घ्या, जेवून थोडं पडा आणि दोन-अडीचला बामणघळीकडे निघा. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळाला पडलेली ती अरुंद भेग, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कोंडून उंच उसळतं. ओहोटीला गेलेले लोक नुसती फट बघून परत येतात आणि ‘काही विशेष नाही’ म्हणतात. मात्र त्या कातळावर शेवाळ असतं. काठावर उभं राहून सेल्फी काढू नका, मुलांचा हात सोडू नका, हे मी तोंडाने सांगते. नुसतं लिहून भागत नाही. ओहोटीच्या पाण्यात पोहायचं नाही, कारण पाणी आत ओढतं. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही. इथे ऐकून घेणार नाहीत असं वाटलं तर मी आवाज चढवते. पाहुणा रागावला तरी चालेल.

विंचू-सापाचीही आधीच कल्पना द्यावी. लपवून काही साधत नाही, उलट आधी सांगितलं तर माणसं काळजी घेतात: बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरी घेऊनच अंगणात उतरायचं, चिऱ्यांच्या गडग्यात हात घालायचा नाही. लाल विंचवाचा दंश पूर्वी कोकणात माणसं दगावणारा होता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाने रुग्ण वाचवता येतो हे दाखवून दिलं आणि चित्र बदललं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज काही झालं तर मंत्रतंत्र, चिरा देणं, झाडपाला यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, १०८ रुग्णवाहिका आणि रात्री-अपरात्री गाडी काढील अशा गावातल्या दोन माणसांचे नंबर प्रत्येक खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटली तरी टाळू नयेत. मालक त्याच घरात राहत असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करता येते. राज्याने २०२३ साली आणलेल्या ‘आई’ या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे, पण कर्ज आणि व्यवसाय बाईच्या नावावर हवा. आमच्याकडे घरं पुरुषांच्या नावावर आणि राबणं बायकांचं, त्यामुळे या योजनेसाठी घरात बसून आधी बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. जेवण देत असाल तर अन्न विभागाची नोंदणी घ्या. पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा. आधारचा फोटो मागताना शेवटचे चार आकडेच दिसतील असा मास्क केलेला मागा, आणि तोही पुढे कुठे पाठवू नका. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, मग तो एक रात्र राहो की महिनाभर, आणि तो परदेशी पासपोर्टवर आलेला आपल्याच गावचा नातू असला तरी. कॅमेरा लावायचा तर रस्त्याला आणि फाटकाला, आणि तो आहे हे सांगून. घराच्या आत कुठेही नाही.

दंग्याबद्दल फार बोलायला नको. रात्री दहानंतर स्पीकर नाही हा नियम सरकारचाच आहे, आणि आमच्या मजकुरात तो शेवटच्या ओळीला ठळक असतो. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना उरलेले पैसे परत देऊन सकाळी निघायला सांगण्याची तयारी ठेवावी.

आपलं घर बंद कधी ठेवायचं हेही वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. गणपतीत आमच्याकडे मुंबईची सगळी भावंडं येतात, तेव्हा तिन्ही खोल्या घरच्यांना. मे महिन्याचा शेवटचा आठवडा कौलं परतायला लागतो. पाऊस सुरू व्हायच्या आत घर शाकारून झालंच पाहिजे, आणि शाकारणारी माणसं आपल्या सोयीने येत नाहीत. या तारखा मी गुढीपाडव्यालाच सगळ्या ॲपवर एकदम बंद करून टाकते. एकीकडे बंद केल्या आणि दुसरीकडे विसरल्या तर दोन कुटुंबं एकाच खोलीसाठी येऊन उभी राहतात. मे महिन्याच्या त्या आठवड्यात पुण्याहून खूप फोन येतात, जास्त दर देतो म्हणतात. मी त्यांना वरच्या आळीतल्या वहिनींचा नंबर देते, त्यांचं घर स्लॅबचं आहे, त्यांना शाकारणी नसते. त्यांच्याकडेही भरलेलं असेल तर वेळणेश्वरचे दोन नंबर मी लिहून ठेवले आहेत, ते देते आणि त्या घरांना किती पायऱ्या आहेत तेही सांगते.